जाळलेला देह उठणार कसा? दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंच्या प्रश्नांना उत्तर

ताई, तुमचं लिहिणं वाचलं. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुमचं माहेर हिंदू, सासर आजेसासऱ्यांपासून ख्रिस्ती. सासरे भर श्रावणात वारले. गावात दफनाला जागा नाही, तालुक्याच्या कबरस्थानाकडे जाणारा पूल पाण्याखाली, म्हणून गावकऱ्यांच्या मदतीनं गावच्याच मोक्षधामात दहन केलं आणि राख अडाण नदीत सोडली. त्यानंतर मंडळीतलेच, म्हणजे चर्चमधलेच, एक वडीलधारे म्हणाले की जाळलेल्याचं पुनरुत्थान होत नसतं. तेव्हापासून सासूबाईंचं जेवणात लक्ष नाही. ‘जाळून टाकलं तं आता उठतीन कसे थे?’ एवढंच घोकतात. शिवाय तुम्ही विचारलंय की सासरे या घडीला आहेत कुठे, तुमचे वडील ख्रिस्ती नव्हते त्यांचं काय, आणि भाऊबंद तेरवीसाठी मागे लागलेत ती करायची की नाही.

खेड्यांतल्या मंडळ्यांचा पाळक म्हणून माझं आयुष्य गेलं. हे चारही प्रश्न मला ठिकठिकाणी, बहुतेक वेळा ओसरीवर बसून, विचारले गेले आहेत. पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण घरात एक म्हातारी बाई नीट जेवत नाही.

दहनानं पुनरुत्थान अडत नाही. सासूबाईंना हे आजच सांगा, आणि माझ्या नावानं सांगण्यापेक्षा शास्त्रातून सांगा. १ शमुवेल ३१ काढा. शौल राजा लढाईत पडतो. याबेश-गिलादचे लोक रातोरात चालत जाऊन त्याची आणि त्याच्या मुलांची प्रेतं आणतात, जाळतात आणि अस्थी झाडाखाली पुरतात. दावीद पुढे त्यांना आशीर्वाद देतो, बोल लावत नाही. मग बायबलाच्या शेवटच्या पुस्तकाचा, म्हणजे योहानाच्या प्रकटीकरणाचा, विसावा अध्याय, तेरावं वचन: समुद्रानं आपल्यातले मेलेले बाहेर दिले. राख अडाणेत सोडली म्हणता. अडाण पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी समुद्रात. योहानाच्या डोळ्यांपुढे हे लिहिताना बुडालेले खलाशी असतील, पण त्या वचनातून राखेला वगळलेलं नाही.

हा प्रश्न आपल्या गावात पहिल्यांदा निघाला असंही नाही. इ.स. १७७ मध्ये, आज फ्रान्समध्ये असलेल्या ल्यों शहरात ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ झाला. मारलेल्यांची प्रेतं सहा दिवस उघड्यावर टाकली, नंतर जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटून दिली. हे लोक पुनरुत्थानाच्या भरवशावर मरणाला भीत नाहीत ना, मग बघू आता कसे उठतात, असा त्यामागचा हिशेब होता. जुना इतिहासकार युसेबियस यानं तो नोंदवून ठेवला आहे. म्हणजे तुमच्या मंडळीतले वडीलधारे जे बोलले ते मंडळीचं शिक्षण नव्हतंच कधी, ते छळणाऱ्यांचं म्हणणं होतं. पुढे १४१५ मध्ये यान हुस या धर्मसुधारकाला खांबाला बांधून जिवंत जाळलं आणि राख ऱ्हाइन नदीत टाकली. इंग्लंडात विक्लिफ हा धर्मसुधारक १३८४ मध्ये वारला, रीतसर पुरला गेला, तर १४२८ मध्ये विरोधकांनी हाडं उकरून काढली, जाळली आणि राख ओढ्यात सोडली. दफन होऊनही त्याच्या नशिबी शेवटी पाणीच आलं. या माणसांचं पुनरुत्थान होणार नाही असं म्हणायची कुणाची छाती आहे?

आणि कबरीत तरी काय उरतं? आपल्याकडच्या जुन्या मिशन कंपाउंडांमध्ये जागा संपत आली की त्याच घरातलं पुढचं माणूस जुन्या कबरीत ठेवतात. मी खणताना उभा राहिलो आहे. वर हातभर काळी माती, उन्हाळ्यात भेगाळलेली आणि पावसात लोण्यासारखी, खाली मुरूम. खणणाऱ्याच्या हाताला पेटीचे गंजलेले खिळे लागतात, एखादं लांब हाड, कधी सदऱ्याचं बटण. बाकी माती. अग्नी जे दोन-तीन तासांत करतो ते माती सावकाश करते. देवाला पहिलं सोपं आणि दुसरं अवघड, असं थोडंच आहे?

मग आपण पुरतो कशाला? येशूला पुरलं म्हणून, इस्राएलाची ती रीत होती म्हणून, आणि शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे (१ करिंथ ६) तर त्याला सन्मानानं ठेवावं म्हणून. पाय पूर्वेकडे करतो, कारण ख्रिस्त येईल तो पूर्वेकडून चमकणाऱ्या विजेसारखा, असं मत्तयात आहे. सुंदर रीत आहे. जमेल तिथे मी दफनाचाच आग्रह धरतो. पण रीत वेगळी आणि अट वेगळी. युरोपात शार्लमेन राजानं आठव्या शतकाच्या शेवटी दहनाला देहदंड ठेवला तो सॅक्सन लोकांचा जुना धर्म मोडायला, पुनरुत्थान वाचवायला नव्हे. रोमच्या मंडळीनं १८८६ मध्ये घातलेली बंदी १९६३ मध्ये उठवली. २०१६ मध्ये एवढंच सांगितलं की राख विखरू नये, पवित्र जागी ठेवावी. तुम्ही कॅथोलिक नाही, शिवाय पूर आलेला असताना तुमच्यापुढे निवडीला जागा नव्हती, तेव्हा तो विचार सोडा.

जाता जाता एक. गावातले लोक म्हणतात की पुरणं ही बाहेरची रीत. विदर्भात उभं राहून हे बोलणं जरा गमतीचंच आहे. गोंड पुरतात, लिंगायत पुरतात, गोसावी समाधी देतात, लहान लेकरू गेलं तर बहुतेक सगळेच पुरतात. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट इथली दगडांची वर्तुळं ही अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनं आहेत. लोखंडी हत्यारं, भांडी आणि माहुरझरीला तर घोड्यांचा तांब्याचा साजही सापडला. १८४५ मध्ये नागपुरात येऊन काम सुरू करणारे स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची हीच वर्तुळं पाहायला गेले होते, आणि परतताना रात्री पुराच्या पाण्यात घोड्यासह ओढले जाऊन वारले. मेलेल्या माणसाबरोबर घोडा पाठवणाऱ्यांना पुढे काहीतरी आहे असं वाटतच होतं. काय आहे, यावर मतभेद.

आता मुद्द्याचं. माझ्या मते तुमच्या सासूबाईंच्या भीतीला त्या वडीलधाऱ्यांइतकेच आम्ही पाळक जबाबदार आहोत. दर रविवारी आपण मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली, म्हणतो, त्याच्या शेवटी ‘देहाचे पुनरुत्थान व सार्वकालिक जीवन’ असं म्हणून आमेन करतो. आणि अंत्यविधीला मात्र आत्मा स्वर्गात गेला एवढंच सांगून पेटी खाली सोडतो. ऐकणाऱ्याची समजूत होते की ख्रिस्ती आशा म्हणजे आत्म्यानं शरीरातून निसटून वर जाणं. मग पुनरुत्थानाचं काम काय उरलं? ते शेपटासारखं मागे लोंबत राहतं, आणि कुणी ‘जाळलं तर कसं?’ विचारलं की कुणाला उत्तर सुचत नाही.

प्रेषित पौलाला करिंथच्या मंडळीत हाच त्रास होता. इ.स. ५५ च्या सुमारास इफिसाहून त्यानं त्यांना लिहिलं. तिथले काही जण ग्रीक वळणाचे होते. देह म्हणजे आत्म्याची कोठडी, ती एकदा सुटली की सुटली, परत कशाला हवी, असं म्हणणारे. पौल म्हणतो, मेलेले उठत नसतील तर ख्रिस्तही उठला नाही, आणि ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट. एवढं सगळं त्यानं या एका गोष्टीवर लावलं. उठलेल्या ख्रिस्ताला पाहिलेल्या साक्षीदारांची यादी देतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक भाऊ (‘त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत’, म्हणजे जा, विचारा), याकोब, सगळे प्रेषित, शेवटी मी. मग तोच प्रश्न येतो जो सासूबाईंचा आहे: मेलेले उठतात कसे, कोणत्या शरीरानं येतात?

उत्तरात तो शेतात शिरतो. तू पेरतोस तो नुसता दाणा असतो, गव्हाचा किंवा दुसऱ्या कशाचा. आपण तूर घेऊ. मृगात दाणा मातीत टाकला. पौषापर्यंत डोक्याइतकं झाड, पिवळी फुलं, शेंगा. तुराट्या उपटताना मुळाशी तोच दाणा शाबूत आहे का, हे कुणी चाचपत नाही. नसतोच. तरी हे झाड त्याच दाण्याचं, शेजारच्या बांधावरच्या दाण्याचं नव्हे, यात शंका नसते. पौलाचं म्हणणं तेवढंच: ओळख टिकते, रूप पालटतं. अशक्त असं पेरलं जातं, सामर्थ्यानं उठतं. तेव्हा देव जुन्या देहाचे कण गोळा करत बसेल असं त्याच्या डोक्यातच नाही. सासूबाईंना हा दाखला सांगा, त्यांनी आयुष्यभर तूर पेरली असेल.

नमुना हवा असेल तर उठलेला येशू पाहा. लूक २४ मध्ये शिष्य घाबरतात, त्यांना भूत वाटतं. तो म्हणतो, चाचपून पाहा, भुताला हाडमांस नसतं. आणि खायला काय आहे विचारून भाजलेला मासा त्यांच्यादेखत खातो. योहान २० मध्ये हातावर खिळ्यांचे व्रण आहेत, थोमाला ते दाखवतो. म्हणजे तोच देह. पण दारं बंद असताना मध्ये उभा राहतो. अम्माऊसच्या वाटेवर दोघं त्याच्याबरोबर कोसभर चालतात आणि ओळखत नाहीत, भाकर मोडली तेव्हा ओळखतात. तोच, पण तसाच नाही. येशूनं मेल्यावर उठवलेल्या लाजराचं मात्र वेगळं. तो कबरीतून बाहेर आला तो जुन्याच शरीरानं, आणि पुढे कधीतरी पुन्हा मेला. ते पुनरुत्थान नव्हे, परत मिळालेलं आयुष्य.

पुनर्जन्माशीही याची गल्लत होते. माहेरच्यांना सांगताना हे नीट सांगा, नाहीतर ते म्हणतील, म्हणजे आमचंच की. दुसऱ्या देहात, दुसऱ्या नावानं, कर्माप्रमाणे परत येणं असं आम्ही मानत नाही. माणसांना एकदाच मरणं आणि मग न्याय, असं इब्री ९ मध्ये आहे. तुमचे सासरे उठतील ते तुमचे सासरेच म्हणून. आत्माच न मानणारे बौद्ध शेजारी असतील तर त्यांच्याशी बोलताना आणखी वेगळं पडतं. गंमत अशी की नुसता आत्मा अमर, या गोष्टीवर आमचाही फार भर नाही.

ही आशा येशूच्या आधीपासून यहुदी लोकांत होती. दानीएल १२ मध्ये मातीत निजलेले जागे होतील असं आहे. कॅथोलिक बायबलात मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात सात भावांची कथा येते. राजा एकेकाला हालहाल करून मारतो, तेव्हा तिसरा भाऊ हात पुढे करून म्हणतो की हे मला स्वर्गातून मिळाले आणि देवाकडून परत मिळतील. यहुद्यांच्या दोन पंथांपैकी परूशी पुनरुत्थान मानत, सदूकी मानत नसत. त्याच सदूक्यांनी येशूला खिजवायला विचारलं, एका बाईनं ओळीनं सात भावांशी लग्न केलं, तर पुनरुत्थानात ती कुणाची? विधवांची दुसरी लग्नं झालेल्या घरांतून हा प्रश्न मला अगदी गंभीरपणे विचारला गेला आहे. येशूनं सांगितलं, तिथे लग्न करणं-देणं नाही. त्यावरून नवरा-बायको एकमेकांना ओळखणार नाहीत असं मात्र काढू नका, ते त्यानं म्हटलेलं नाही.

उठून राहायचं कुठे? इथेही आपली गाणी आणि शास्त्र जरा फटकून आहेत. प्रकटीकरण २१ मध्ये माणसं वर जात नाहीत, नगरी खाली येते आणि देव माणसांजवळ वस्तीला येतो. नवं आकाश, नवी पृथ्वी. रोम ८ मध्ये सगळी सृष्टी कण्हते आहे आणि सुटकेची वाट पाहते आहे. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो यशया ६५. ते घरं बांधतील आणि त्यांत राहतील, द्राक्षमळे लावतील आणि फळ खातील. एकानं बांधायचं आणि दुसऱ्यानं राहायचं, एकानं लावायचं आणि दुसऱ्यानं खायचं, असं होणार नाही. ज्याच्या कापसाचे पैसे घरात यायच्या आधी सावकाराकडे जातात, ज्याची सोयाबीन काढणीच्या आठवड्यात पावसात भिजते, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एका घरी सांत्वनाला मी नेहमीच्या योहान १४ ऐवजी हा उतारा वाचला. मागे बसलेले एक हिंदू शेतकरी म्हणाले, ‘हे तं आमच्याच कामाचं हाय बुवा, पुन्हा वाचा.’ वाचला.

आता, सासरे या घडीला कुठे आहेत? मरण आणि पुनरुत्थान यांच्या मधला हा काळ. याबद्दल शास्त्र मोजकंच बोलतं आणि मीही मोजकंच बोलणार. वधस्तंभावरच्या चोराला येशू म्हणाला, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. पौल म्हणतो, इथून निघून ख्रिस्ताजवळ असणं मला फार बरं. या दोन्ही ठिकाणी जागेचं वर्णन नाही, सोबतीचं आहे. तुमचे सासरे ख्रिस्ताजवळ आहेत. यापुढे नकाशा काढायला गेलं की मंडळ्या वेगळ्या होतात, आणि आपल्याकडे तर जिल्हा बदलला की मिशन बदलतं: यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, वाशिम-बुलढाण्याकडे नाझरीन, अकोल्याकडे अलायन्स, नागपूरकडे सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), शिवाय कॅथोलिक सगळीकडे. कॅथोलिक मानतात की बहुतेकांना आधी शुद्धीतून जावं लागतं, म्हणून २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना करतात. आम्ही ते मानत नाही. शास्त्र मेलेल्यांना ‘निजलेले’ म्हणतं, त्यावरून अ‍ॅडव्हेंटिस्ट म्हणतात की उठेपर्यंत जाणीवच नसते. धर्मसुधारक लूथरही काही ठिकाणी तसा झुकलेला दिसतो. दुसरा सुधारक कॅल्विन यानं उलट बाजूनं अख्खी पुस्तिका लिहिली. एवढंच काय, पोप बावीसावे योहान यांनी १३३१ मध्ये उपदेशांतून सांगितलं की न्यायाच्या दिवसापर्यंत आत्म्यांना देवाचं दर्शन पूर्णपणे घडत नाही. त्यावर रान उठलं, त्यांनी मरणशय्येवर शब्द मागे घेतले, आणि पुढच्या पोपनं १३३६ मध्ये उलट निर्णय दिला. एका पोपचीही इथे अडखळण झाली, तर आपण ओसरीवर बसून तपशील ठरवू नयेत. निजलेल्या माणसाला रात्र किती लांब होती ते कळत नाही. त्यामुळे सासूबाईंच्या दृष्टीनं दोन्ही मतांत फारसा फरकही पडत नाही.

एक मात्र ठाम. ते कुठे भटकत नाहीत. घराभोवती नाहीत, कावळ्यात नाहीत, कुणाच्या अंगात येणार नाहीत. पिंडाला कावळा शिवला नाही म्हणून इच्छा अडकली, असं भाऊबंद म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नका, पण घाबरूही नका.

म्हणून तेरवीचं. तिचे दोन भाग करा. पिंड, विधी आणि आत्म्याला वाट मोकळी करून देण्याचा सगळा भाग सोडा, ख्रिस्तानं ती वाट आधीच मोकळी केली आहे असं आपण मानतो. लोकांना जेवू घालण्याचा भाग ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा. ज्यांनी पावसात लाकडं वाहिली त्यांना वरण-भात, भाजी-पोळी वाढणं हे चांगलंच आहे. त्या दिवशी सांत्वन उपासना घ्या, आणि तेरावा दिवसच धरायला हवा असं नाही, रविवार पाहा. पण त्यासाठी कर्ज काढू नका. विदर्भात तेरवीच्या कर्जानं किती घरं वाकली ते आपण दोघंही जाणतो. ख्रिस्ती घरंही यात मागे नाहीत. नाव ‘स्मरणभक्ती’ ठेवायचं, मंडप तोच आणि आचारी तोच. हे मला आवडत नाही, आणि मी ते घराघरांत बोलून वाईटपणा घेतलेला आहे.

सासूबाईंना रडूही द्या. ‘ते प्रभूकडे गेले, रडता कशाला?’ असं म्हणणारे विश्वासाच्या नावाखाली क्रूरपणा करतात. लाजराला आता उठवणार हे माहीत असूनही येशू त्याच्या कबरीपाशी रडला. पौल मरणाला शेवटला शत्रू म्हणतो, मित्र म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असं त्यानं थेस्सलनीकेला लिहिलं, शोकच करू नका असं नाही.

तुमच्या वडिलांबद्दल. हे सगळ्यात अवघड, आणि इथे जो पाळक फटकन उत्तर देतो त्याच्यापासून जरा जपूनच. तुम्ही लिहिलंय, त्यांनी कुणाचं धान कधी मापात मारलं नाही, आणि तुम्ही बाप्तिस्मा घेतला तेव्हा अडवलं नाही. मी ज्या परंपरेतला आहे ती सांगते की तारण फक्त ख्रिस्तात आहे; योहान १४:६ आणि प्रेषितांची कृत्ये ४:१२ मी गाळून पुढे जाऊ शकत नाही, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून गाळणारही नाही. पण ख्रिस्तात तारण आहे, याचा अर्थ त्याच्या कृपेची यादी माझ्या खिशात आहे असा होत नाही. रोम २ मध्ये पौल अशा लोकांबद्दल बोलतो ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही, पण त्याचं काम त्यांच्या अंतःकरणावर लिहिलेलं आहे. मत्तय २५ मधल्या न्यायाच्या चित्रात उजवीकडच्यांनाच आश्चर्य वाटतं: प्रभू, आम्ही तुला कधी जेवू घातलं? कॅथोलिक मंडळीनं १९६४ मध्ये व्हॅटिकन परिषदेत स्पष्ट म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. आमच्यातले बरेच जण इतकं पुढे जात नाहीत. मी स्वतः अब्राहामाच्या प्रश्नापाशी थांबतो: सगळ्या जगाचा न्यायाधीश योग्य तेच करणार नाही काय? न्यायाला बसणारा तो आहे ज्याच्या हातांवर व्रण आहेत. मी तुमच्या वडिलांना स्वर्गात बसवू शकत नाही आणि नरकात लोटू शकत नाही, आणि हे दुसरं करणारा कुणी भेटला तर त्याला विचारा की ही नेमणूक त्याला कुणी दिली.

नरकाबद्दल लांब लिहीत नाही. कायमची शिक्षा हे मंडळीचं मुख्य मत राहिलं आहे. दुष्ट शेवटी नाहीसेच होतील, असं मानणारे आहेत. सगळेच शेवटी देवाकडे परत येतील असं शिकवणारा ओरिगेन हा जुना धर्मपंडित होता, त्याचं मत मंडळीनं सहाव्या शतकात नाकारलं. येशू नरकाबद्दल बोलला, हे खरं. पण बहुतेक वेळा तो समोर बसलेल्या धार्मिक लोकांना बजावत होता, शेजारच्या गावातल्या मेलेल्या माणसाबद्दल बोलत नव्हता.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी यवतमाळ जिल्ह्यात राहून हा विषय टाळता येत नाही. ज्यानं स्वतः जीव दिला तो थेट नरकात जातो, असं अनेक ख्रिस्ती घरांत ठामपणे सांगतात, आणि अशा माणसाला कबरस्थानात जागा नाकारल्याचंही मी पाहिलं आहे. या पापाला क्षमा नाही असं शास्त्रात कुठेही नाही. सहाव्या शतकात ब्रागाच्या परिषदेनं अशांचे अंत्यविधी बंद केले, तिथून ही कठोरता घट्ट झाली. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणात मात्र साफ म्हटलंय की त्यांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, आणि मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करते. मरणसुद्धा देवाच्या प्रीतीपासून आपल्याला तोडू शकत नाही, हे रोम ८ मी अशा घरी वाचतो. आणि जिवंत माणसाच्या मनात असा विचार घोळत असेल तर त्यानं पुनरुत्थानावर चिंतन करत एकटं बसू नये, आजच घरच्यांशी, डॉक्टरांशी, पाळकाशी बोलावं.

आता करायची कामं. राख नदीत गेली असली तरी सासऱ्यांच्या नावाचा दगड तालुक्याच्या कबरस्थानात कुटुंबाच्या जागेवर लावता येतो, पाळकांना भेटून विचारा. दगड लावताना दफनविधीतली ‘मातीस माती, राखेस राख, धुळीस धूळ’ ही प्रार्थना म्हणायला सांगा. राखेचा उल्लेख त्या प्रार्थनेतच आहे हे सासूबाईंच्या कानावर पडू द्या. उपासनेत १ करिंथ १५ सगळा वाचायला घ्या, तुकडे नकोत, आणि वाचन घरातल्या नातवाकडे द्या. त्या वडीलधाऱ्यांनाही बोलवा. त्यांनी वाईट बुद्धीनं म्हटलं नसेल, त्यांनाही कुणीतरी तसंच शिकवलं असेल.

आणि पुढच्या पावसाळ्याआधी गावात दफनभूमीसाठी थोडी जागा मागा. नुसता सरपंचाच्या हातात अर्ज देऊन उपयोग नाही, ग्रामसभेत विषय घ्यायला लावा, ठरावाची नक्कल मागून घ्या आणि ती जोडून तहसीलदारांकडे जा. गोंड किंवा लिंगायत घरं गावात असतील तर त्यांनाही सहीला घ्या, त्यांची अडचण तीच आहे.